तळ्याच्या पंख्याची दुसरी बाजू

अनघा,

तू गेल्यापासून लोक मला तुझ्याबद्दल विचारतात आणि मी त्यांना तुझं वय, तुझी शाळा, डोक्यात फुटलेली ती रक्तवाहिनी, असं सगळं नीट सांगते. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर थोडं लिहून टाका म्हणाले, तेही टाकलं. त्यात 'मनमिळाऊ' असं लिहिलं. वाचलं असतंस तर फोन करून हसत सुटली असतीस, कारण तू काही मनमिळाऊ नव्हतीस, आणि मी तर नाहीच नाही. आपण दोघी जावा, मी थोरली आणि तू धाकटी, इतकी वर्षं कतारमध्ये एकाच शहरात राहिलो, रोज फोन केला आणि रोज कशावरून तरी भांडलो. ग्रुपवर हे लिहिता येत नाही. म्हणून हे तुला वेगळं लिहितेय.

मला तुला पंख्याचं काय झालं ते सांगायचंय. तू विचारशील म्हणून नव्हे. तू आता काहीच विचारणार नाहीस, हे मला अजून नीट कळत नाही, म्हणून.

आठवतं, तू मला पहिल्यांदा लिनकडे ओढून नेलंस ती दुपार? लिन तुमच्या शाळेत चिनी शिकवायची, तू चित्रकला, आणि तुमची टेबलं शेजारी होती. मी येत नव्हते. सासूबाईंना एकटं सोडता येत नाही, अल थुमामाहून मुशैरिबला जायचं म्हणजे गाडी लावायला जागा मिळत नाही, अशी दहा कारणं मी दिली होती. तू म्हणालीस, "वहिनी, तुझी कारणं संपली की खाली ये. मी गाडीत आहे."

लिननं चहा दिला आणि मग कपाटातून कापडी पिशवी काढली. आत घडीचा पंखा. तो भिंतीवर लावायचा नसतो, म्हणाली, आवडीचं माणूस आलं की काढून दाखवायचा आणि परत मिटून ठेवायचा. तिनं एकेक घडी उलगडायला सुरुवात केली. आधी डोंगर आला, मग छोटासा कमानीचा पूल, मग काठावर वाकलेलं एक झाड, आणि त्यानंतर नुसता कोरा कागद. मला वाटलं, काढणाऱ्याला कंटाळा आला असावा. लिननं काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "ते पाणी आहे." तळं काढायचंच नाही, तळ्याच्या भोवतालचं काढायचं आणि जे उरेल ते पाणी. तुला ते बघताक्षणी कळलं होतं. लिन तुझ्याकडे बघत राहिली आणि मला उगाचच अभिमान वाटला.

मग मी काय केलं तेही तुला आठवत असेल. तिनं पंखा माझ्या हातात दिला आणि मी त्यानं चक्क वारा घेतला. फडफड फडफड. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत एसीनं गारठलेली खोली, आणि मी कुणाच्या तरी आयुष्यभर जपलेल्या चित्रानं वारा घेतेय. तुझा चेहरा असा झाला होता की जमीन दुभंगली असती तर तू आधी मला आत ढकललं असतंस. लिन मात्र खळखळून हसली. पंखाच आहे तो, म्हणाली, घ्या वारा.

पंख्याच्या मागच्या बाजूला कविता होती. चित्र लिनच्या मावशीचं आणि कविता मावशीच्या मैत्रिणीची. त्यांच्याकडे असा रिवाज असतो म्हणाली, एकीनं चित्र काढायचं आणि दुसरीनं मागे लिहायचं. लिननं इंग्रजीत अर्थ सांगितला आणि परतताना गाडीत तू मला तो मराठीत पुन्हा सांगितलास. दोन पेल्यांत चहा ओतला होता. एक मी प्याले. मग दुसराही मीच प्याले. बस, एवढंच. "पण यात तळं कुठंय?" मी विचारलं. तू सिग्नलला गाडी थांबवून माझ्याकडे वळलीस. "तळं चित्रात आहे ना, वहिनी. मग ते परत कशाला सांगायचं? कवितेनं चित्रात नसलेलं सांगायचं." मागचा हॉर्न वाजवायला लागला तरी तू बोलतच होतीस.

पुढचे दोन हिवाळे तू लिनकडे ब्रश धरायला शिकलीस. तुझा हात मुळातच तयार होता. सावंतवाडीत शेजारी लाकडी खेळणी रंगवायचे आणि तू शाळेतून येऊन त्यांच्या ओट्यावर बसायचीस, हे मला तू लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंस, माझ्या नाशिकच्या स्वयंपाकघरात सुरमई तळता तळता. त्या वासावरून आपलं पहिलं भांडण झालं. तेव्हा तुला माझी भाजी बेचव लागायची, हे तू माझ्या तोंडावर सांगितलंस. या घरात असं तोंडावर बोलणारं तोवर कुणी नव्हतं. मला राग आला आणि बरंही वाटलं.

लिनचं कंत्राट संपलं आणि ती परत गेली. जाताना तुला तिनं कोरा पंखा दिला, दोन्ही बाजू कोऱ्या, आणि शाईची एक कांडी आणि ती उगाळायचा दगड. तू त्यावर मोती तलाव काढलास. तुझं माहेरचं तळं. माड काढलेस, घाटाच्या पायऱ्या काढल्यास, मागे नरेंद्राचा डोंगर पुसटसा, आणि मधे कोरा कागद. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काही बोलले नाही. तू म्हणालीस, "काय गो, आवडलं नाही?" मी म्हटलं, "बरंय." अनघा, ते बरं नव्हतं. ते इतकं सुरेख होतं की मला तुझ्या माहेराचा हेवा वाटला. मी ते तळं एकदाच पाहिलंय, तुझ्या लग्नात, आणि त्या दिवशी मला तिथे फक्त गाड्या आणि शहाळीवाले दिसले होते.

मग तू पंखा उलटा केलास. "ही बाजू तुझी," म्हणालीस.

मी म्हणजे मंडळाची कवयित्री. कुणाचा साठावा वाढदिवस, कुणाची निरोपाची पार्टी, संक्रांतीचं हळदीकुंकू, की माझ्याकडून यमक जुळवून घ्यायचं. पहिली कविता मी तुला व्हॉट्सअॅपवर पाठवली. निळं जळ, नभाचं प्रतिबिंब वगैरे. तुझं उत्तर आलं: "पाणी निळं कुठंय? कोरं आहे." दुसरीत मी माहेर आणलं, सखी आणली, डोळ्यांच्या कडाही ओलावल्या. तू म्हणालीस, ही हळदीकुंकवाला वाच, बायका रडतील. तिसरीवर मी खरंच कष्ट घेतले होते. ती तू माझ्याच सोफ्यावर बसून वाचलीस, कागद मांडीवर ठेवलास आणि म्हणालीस, "माका नको गो ह्या." चिडलीस किंवा हळवी झालीस की तू मालवणीत शिरायचीस. तेव्हा कुठलं होतं ते मला कळलं नाही. मी मात्र चिडले होते.

"मग तूच लिही ना! चित्र तुझं, तळं तुझं, नाटकं तुझी."

"तू चित्राकडे बघून लिहितेस, वहिनी. चित्राकडे पाठ करून लिही."

"पाठ केली की मला भिंत दिसते. भिंतीवर लिहू?"

"लिही. ती तरी चित्रात नाही."

वर आणखी एक अडचण होती. चिनी अक्षरं घडीत एकाखाली एक उतरतात, त्यांना त्रास नाही. आपली अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी रेषेला लटकतात, आणि ती रेषा घडीवर आली की मोडते. मी म्हटलं, आपली लिपी या पंख्यावर बसणारच नाही. तू म्हणालीस, मग एका घडीत एकच शब्द लिही, आणि त्यात बसतील एवढंच बोल. एवढं कमी बोलायचं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही, हे तुला माहीत होतं. तू मला मुद्दाम अडकवत होतीस.

हे भांडण तसंच राहिलं. अधूनमधून तू विचारायचीस, "पंखा काय म्हणतोय?" आणि मी म्हणायची, "इन्शाल्ला." या गावात इन्शाल्ला म्हटलं की नाही म्हणावं लागत नाही. त्या दिवशी सकाळीही फोनवर तू तेच विचारलंस. डोकं दुखतंय म्हणालीस, आज शाळेत जाणार नाही, आणि वर, "पंखा काय म्हणतोय?" मी म्हटलं, "गोळी घे आणि झोप, आली मोठी पंखावाली." दुपारी मिलिंदभाऊजींचा हॉस्पिटलमधून फोन आला. त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. कागदपत्रं पुरुषांनी केली. ऑफिसातला एक कतारी गृहस्थ स्वतः येऊन भाऊजींबरोबर इकडून तिकडे फिरला आणि शेवटी त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसून राहिला, एवढं आठवतं. तुला नाशिकला न्यायचं ठरलं. भाऊजी, तुमची रेवा आणि आमचे हे तुझ्याबरोबर जाणार. मला जाता येणार नव्हतं. सासूबाईंना विमानात बसवता येत नाही आणि त्यांना एक दिवस जरी अनोळखी बाईवर सोपवलं तरी त्या घाबरून जेवत नाहीत. म्हणजे तुझा माझा निरोप इथेच, शवागारात. मला फार एकटं वाटलं, अनघा.

तुझ्यासाठी साडी आणायला मी आणि रेवा अल दुहैलला तुमच्या घरी गेलो. एसी तू ठेवला होतास तसाच अठरावर. कपाटात नारायणपेठीच्या घडीत ती पिशवी होती. रेवानं पंखा काढला, जमिनीवर बसली आणि तुझ्यासारखाच एकेक घडी करत उघडला. तिला कुणी शिकवलं होतं की तुला पाहून आलं, माहीत नाही.

"काकू, धिस गोज विथ आई."

"नाही," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते इतकं जोरात निघालं की तीही दचकली आणि मीही. "सगळं ने. पंखा नको. तो मला हवाय."

"व्हाय?"

का म्हणजे काय? तुझी बाकीची चित्रं शाळेच्या भिंतींवर आहेत, भाऊजींच्या ऑफिसात आहेत. हा एकच तुझा आणि माझा होता. आणि तो जळून जाणार होता. मी तिला ते सांगितलं, अगदी असंच सांगितलं. सतरा वर्षांच्या पोरीसमोर, जिची आई गेलीय तिच्यासमोर, मी मावशीच्या बांगड्यांसाठी हटून बसलेल्या भाचीसारखी बोलत होते. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एव्हरीवन इज गोइंग टु पुट फ्लॉवर्स, काकू. शी डिडंट इव्हन लाइक फ्लॉवर्स. शी लाइक्ड धिस." आणि तिनं पंखा उलटा केला. कोरी बाजू वर आली. "बट यू हॅवंट डन युअर साइड. शी वॉज वेटिंग फॉर इट, यू नो. शी यूज्ड टु टेल मी. काकू'ल गेट इट, शी'ज जस्ट टू नॉइझी राइट नाऊ."

मी रडता रडता हसले. टू नॉइझी! पाठीमागे तू माझं हे वर्णन करत होतीस तर. हे भांडण मात्र तू टाळून गेलीस.

भाऊजींचा फोन आला, गाडी तासाभरात येईल. रेवा उठली आणि तुझा शाईचा दगड घेऊन आली. मला म्हणाली नाही लिही म्हणून. नुसता समोर ठेवला. मी त्यावर थोडं पाणी घातलं आणि कांडी उगाळायला बसले, सहाणेवर चंदन उगाळतात तशी. तुझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही टॉवेल घडी करून ठेवला, त्यावर पंखा पालथा घातला आणि रेवानं दोन्ही टोकं धरली. तळं खाली गेलं. मला ते दिसेना.

तेव्हा मला कळलं तू काय म्हणत होतीस ते. मी तुझं तळं पाहत बसले होते. त्या पायऱ्यांवर बसून ते बघणारी मुलगी चित्रात कुठेच नव्हती, कारण ती त्याच्या या बाजूला होती, तळ्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून. तू लहानपणी तिथे बसायचीस आणि तुझी आई मागून जेवायला हाका मारून दमायची, हेही तूच मला सांगितलेलं. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी तेव्हा मी त्याला यमक लावलं असतं.

मी ब्रश बुडवला आणि एका घडीत एक शब्द, असं लिहिलं:

मागून हाका मारतोय आम्ही.
तू वळत नाहीस.
बरं.
बघ सावकाश.

'सावकाश'चा शेवटचा श घडीवर चढला आणि रेष मोडली. मी पुन्हा गिरवायला गेले तर रेवानं माझा हात धरला. "लीव्ह इट." मग ती शब्दांवरून न टेकवता बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागली. तिला देवनागरी जेमतेम येते, तुला ठाऊक आहे. शाळेत फ्रेंच घेतलं म्हणून तू किती चिडली होतीस. तिनं एकेक शब्द जुळवत वाचला, 'बरं'पाशी थांबली, आणि तिथेच मोडली. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. मी तिला छातीशी धरलं. शाई ओली होती म्हणून आम्हाला पंखा मिटता येईना, आणि तो वाळेपर्यंत आम्ही दोघी तुझ्या त्या गारठलेल्या घरात तशाच बसून राहिलो. अनघा, ती पोर मला तू दिलीस. पंख्यापेक्षा कितीतरी मोठं दिलंस. पण त्या क्षणी मला पंखा हवा होता आणि तूही हवी होतीस, हे खोटं का सांगू?

मी तो तिला दिला. पिशवीची नाडी मीच बांधली.

तुझं विमान गेलं तेव्हा मी गच्चीवर होते. अल थुमामात दर थोड्या वेळानं डोक्यावरून एक जातं, त्यामुळे तुझं कोणतं ते मला कळलं नाही. म्हणून मी संध्याकाळभर येतील त्या सगळ्यांकडे बघत राहिले. खालून सासूबाई विचारत होत्या, "अनघा आली नाही का गं आज?" त्यांना मी दोनदा सांगितलंय. दोन्ही वेळा त्या नव्यानं रडल्या. आता मी सांगत नाही. शाळेत आहे म्हणते, आणि त्या म्हणतात, बरं, आली की तिला जेवायला वाढ.

दुसऱ्या दिवशी रेवाचा फोन आला. यांनी आधी अंत्यसंस्काराचा व्हिडिओ दाखवू का विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं. रेवाही स्मशानात गेली. वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी चुळबुळ केली म्हणे, पण तिच्याकडे बघून गप्प बसले.

"काकू, बाबा सेड क्लोज इट अँड कीप इट अंडर हर हँड. आय सेड नो. आय केप्ट इट ओपन. ऑन हर चेस्ट."

"बरं केलंस."

"लेक ऑन टॉप. युअर साइड डाऊन." ती थांबली. तिच्या मागे नाशिकच्या घरातली भांडी वाजत होती, कुणीतरी चहाला हाक मारत होतं. मग ती मराठीत बोलली, शब्द शोधत शोधत. "तुझी बाजू आईकडे ठेवली. म्हणजे तिला वाचता येईल."

मी विचारलं, "आणि मग?"

"देन नथिंग, काकू. देन दे लिट इट."

तुपात भिजलेली लाकडं लगेच पेटतात, आणि कागद तर त्याहून लवकर. मी रोज याचाच हिशेब करत बसते, भाजी चिरताना, सासूबाईंना भरवताना, गाडीत सिग्नलला. मग स्वतःलाच समजावते. चारच ओळी आहेत, अनघा. तेवढ्या वेळात वाचून होतात.